एकशे बारा नंबरची कवळी

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने वही आणून दिली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रोज तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटतात. महिनाभर नेमाने लिहिलं की माणसाचा राग उतरतो, म्हणे. हे तिला मोबाइलवर कोणीतरी सांगितलं. मोबाइलवर हल्ली हसतमुख माणसांचा सुळसुळाट झाला आहे.

कारण इतकंच, की शनिवारी मी प्लॅस्टरचा एक साचा भिंतीवर फेकला. तो आमच्या पॉलिशवालीच्या कानाजवळून गेला. तिला लागला नाही, पण ती रडली आणि थेट माझ्या मुलीकडे गेली. मुलगी ज्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, त्याच दवाखान्याचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे माझ्या चुगल्या करायला कोणाला फार लांब जावं लागत नाही.

मी कवळ्या बनवतो. तेहेतीस वर्षं झाली. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, दात मी करतो, आणि आरशात बघून माणसं आभार मानतात ते डॉक्टरांचे. असल्या आभाराच्या वहीत माझ्या नावाने कोणी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. असो.

१. साचा पॉलिशवालीला लागला नाही.
२. भिंतीला लागला.
३. सुचत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

"दुसरं वाक्य खोडा," लेक म्हणाली. म्हणजे तिने वाचलं! मी असा काही भडकलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी तह झाला. वही माझी, ती वाचणार नाही, फक्त किती पानं भरली ते बघणार. आता कोणी वाचणार नसेल तर मला हवं ते लिहायला मी मोकळा आहे.

१. खिडकी लावल्यामुळे शेजारच्यांचा टीव्ही ऐकू आला नाही.

एकच. आज एवढंच मिळेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी लेक उशिरा येते. तिच्या कुठल्याशा मैत्रिणीची आई आजारी आहे, तिच्यासाठी सकाळीच काहीतरी मऊ, पातळ शिजवते आणि डबा भरून नेते. मी म्हटलं, त्या मैत्रिणीला हात नाहीत का? तर म्हणाली, "बाबा, तुम्ही वही लिहा."

१. पोरगी मनाने चांगली आहे. ती आईवर गेली आहे. आई असती तर ही वही माझ्या गळ्यात पडली नसती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय झालं ते लिहितो.

दवाखान्यातून नवीन काम आलं. वरची-खालची पूर्ण कवळी. चिठ्ठीवर नाव कधीच नसतं, फक्त नंबर. एकशे बारा. खाली डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात: "पुरुष, वय ६६. अशक्त आहेत. लवकर हवी."

मी मापात प्लॅस्टर ओतलं, सुकू दिलं, साचा सोडवला आणि सवयीप्रमाणे टाळूवरून अंगठा फिरवला. मधोमध हाडाचा उंचवटा, बोटाच्या पेराएवढा. एवढा मोठा उंचवटा शंभरात एखाद्या तोंडात असतो आणि तो घराण्यात चालतो. माझ्या टाळूला आहे. माझ्या वडिलांच्या टाळूला होता. मी जीभ वर लावून बघितली आणि अंगठा परत साच्यावर फिरवला.

तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण वरच्या हिरडीत समोर, डावीकडे, एक खाच आहे. ती खाच मी पाडली आहे. मी नऊ वर्षांचा होतो, दगड मारला होता, आणि दादाचा दात मुळापासून निघाला होता. घरी दादाने सांगितलं, पायरीवरून पडलो.

अकरा वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याचं तोंड माझ्या हातात आहे. एक दात शिल्लक नाही.

साचा फडक्यात गुंडाळून मी सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिला. पडू दे तिथेच.

आभार वगैरे आज नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्यांदा विचारलं लेकीने, "ती एकशे बारा नंबरची कुठवर आलीय?" मी म्हटलं, दवाखान्याची बाकीची चौदा कामं अडली आहेत, त्यांची चौकशी नाही, आणि याचंच एवढं काय? म्हणाली, "औषधांनी सगळे दात खिळखिळे झाले, काढावेच लागले. नुसतं पातळ पितात हो, बाबा. वजन किती उतरलंय!"

रिसेप्शनला बसणाऱ्या माणसाने पेशंटमध्ये इतकं गुंतू नये. तिला अर्थातच काही पत्ता नाही. कोणाची कवळी आहे हे कळलं तर बिचारीला धक्काच बसेल. मी काही सांगितलं नाही.

१. लेकीला माहीत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकतो, कारण डोक्यात दुसरं काही येत नाही.

हा धंदा मला दादाने शिकवला. वर्कशॉप त्याचं होतं. मेण किती गरम करायचं, दात कसा बसवायचा, हिरडीचा रंग कसा जमवायचा, सगळं. बावीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं. मग एक दिवस शाळेतल्या एका बाईंची कवळी परत आली. दादाने ती चार कारागिरांच्या देखत उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "ही माणसाच्या तोंडात घालायची आहे, भिंतीला ठोकायची नाही." आणि कचऱ्याच्या डब्यात फेकली.

चार माणसांच्या देखत! त्यातले दोघे मी शिकवलेले. मी ॲप्रन काढला आणि निघालो. तो "थांब" म्हणाला नाही. नंतर फोन नाही, निरोप नाही. बायको गेली तेव्हा वहिनी आली, तो खाली रस्त्यावरच उभा राहिला. वर आला नाही.

आभार मानायचे? कशाचे? माझ्यावर सगळ्यांनी उपकारच केले आहेत, नाही का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फळीवरून साचा काढला. दवाखान्याचं काम अडवलं तर बोलणी मला खावी लागतील, म्हणून. बाकी काही नाही.

मेणाची कड लावली. पॉलिशवाली म्हणाली, "आज अगदी हळू हात चाललाय तुमचा." मी म्हटलं, तुझ्या कामाकडे बघ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दात बसवले. मेणातच, चाचणीसाठी. एका ओळीत, सरळसोट, पांढरे, जाहिरातीत असतात तसे. घे म्हणावं. दादाचे खरे दात असे नव्हते. वरचा डावा सुळा जरा वळलेला होता, त्यामुळे हसला की लबाड दिसायचा. तो सुळा मला पाठ आहे. नाही वळवला. पैकीच्या पैकी मार्क मिळतील असं काम केलं, त्याच्यात माणूस मात्र ठेवला नाही.

१. काम चोख झालं.
२. कोणी नाव ठेवू शकणार नाही.
३. आता कटकट मिटली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कटकट मिटलेली नाही!

मेणातली कवळी दवाखान्यातून परत आली. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी: "बसते व्यवस्थित. पण पेशंट म्हणतात, वरचा डावा सुळा वळवा. किती ते विचारलं, तर म्हणाले, करणाऱ्याला माहीत आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्याने ओळखलं. हिरडीची कड मी ज्या पद्धतीने कोरतो, ती त्यानेच शिकवलेली आणि मी थोडी बदललेली. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, त्याला दिसली. आणि दिसल्यावर काय केलं? चूक काढली! तोंडात दात नाही, अंगात त्राण नाही, आणि मला अजून शिकवतोय!

दिवसभर ते काम तसंच टेबलावर पडलं होतं. संध्याकाळी मेण गरम केलं आणि सुळा वळवला. बरोबर तेवढाच. मग शेजारचा दात त्याला विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही जरासा आत घेतला. मग खालचे दोन. मग सगळेच काढले आणि पहिल्यापासून बसवले.

साला बरोबर होता.

१. नाही. याबद्दल आभार मानणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मेण वितळवून त्या जागी अॅक्रिलिक, म्हणजे पक्कं गुलाबी प्लॅस्टिक, भरायचं होतं. त्याआधी कडा तपासल्या. वरच्या ओठाच्या आत, मधोमध, ओठाला हिरडीशी जोडणारी एक बारीक शीर असते. कवळीच्या कडेला तिथे खाच ठेवावी लागते. नाही ठेवली तर प्रत्येक घासाला कड त्या शिरेत रुतते. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

दादाच्या शिरेची खाच कोरताना हात थांबला.

शाळेतल्या त्या बाईंच्या कवळीला मी ती खाच ठेवली नव्हती. घाईत होतो. बाई चार दिवस तशाच वर्गावर शिकवत राहिल्या, आणि आल्या तेव्हा रुमालाला रक्त होतं. मी मागच्या खोलीत होतो. दादा त्यांची समजूत घालत होता, ते मी ऐकलं.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला मी "दादाने अपमान केला" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

पण माझा अपमान झाला नव्हता का? झाला होता! चूक माझी होती म्हणून चारचौघांत फेकायची? बाजूला घेऊन शिव्या घालायच्या होत्या. मी ऐकून घेतल्या असत्या.

खाच ठेवली. तीनदा तपासली.

लेक आज डबा घेऊन गेली ती आठला आली. डोळे लाल होते. मैत्रिणीच्या आईचं बरं नाही वाटतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कवळी तयार झाली. तीन दिवस मीच पॉलिश केली. पॉलिशवाली फुगून बसली: "माझं काम तुम्ही करणार, मग मी काय भिंती पुसू?" मी म्हटलं, पूस, एक डाग माझाच आहे तिथे. ती हसली. मी हसवायला बोललो नव्हतो.

तेहेतीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालेलं नाही. हे मी आढ्यतेने लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नवीन तमाशा. पेशंटला जिना उतरवत नाही, म्हणून घरी जाऊन कवळी बसवून द्यायची. डॉक्टरीणबाईंची पाठ आखडली आहे, त्यांना जाता येत नाही. लेक म्हणते, "घासून सारखी करायची वेळ आली तर तुम्हालाच जमेल, बाबा. तुम्ही जा."

मी म्हटलं, मी कारागीर आहे, घरोघर फिरणारा विक्रेता नाही. हल्ली ती वाद घालत नाही, नुसती बघत बसते. त्याने जास्त राग येतो.

पॉलिशवालीला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "मला घासता येतं, बसवता येत नाही. आणि घरातली भांडणं घरातल्यांनी मिटवावीत."

"कोणाच्या घरातली?"

"कोणाच्याही," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

बायका काहीही बोलतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. सकाळी अकराला.

जिन्यात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. अकरा वर्षांची वाक्यं, एकाहून एक धारदार. दार वहिनीने उघडलं. मला वाटलं दचकेल. तर म्हणाली, "आलात? चपला आत काढा, बाहेर कुत्रं पळवतं." जसा काही मी कोपऱ्यावर जाऊन आलो होतो.

स्वयंपाकघरातून जाताना ओट्यावर एक डबा दिसला. हुबेहूब आमच्याकडे आहे तसा, झाकणाला तसाच पोचा. पोचा पाडूनच विकतात बहुतेक.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मी तयार नव्हतो. गाल आत गेले होते, ओठ तोंडात ओढले गेले होते, आणि मनगटं लहान मुलासारखी. हात सारखे हलत होते, म्हणून मांडीखाली दाबून ठेवले होते. त्याच हातांनी मला मेण कापायला शिकवलं.

जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला, मी पिशवीतून कवळी काढली.

त्याने तोंड उघडलं. मी वरची बसवली, मग खालची. त्याने दात मिटले. गाल भरले, ओठ बाहेर आले, आणि एकदम तो दादा झाला. मला बाहेर बघावं लागलं.

मग अकरा वर्षांनंतरचा त्याचा पहिला शब्द मी ऐकला.

"टोचतंय."

"कुठे?"

"डावीकडे. मागे."

काढली, तपासली, किंचित घासली, बसवली. "टोचतंय." परत काढली. तीन वेळा. शेवटी म्हणाला, "उद्या ये."

जिना मी रागारागाने उतरलो. पांढरी पेस्ट लावून बघतो आम्ही लोक. जिथे कवळी दाबते तिथली पेस्ट पुसली जाते. कुठेही पुसली गेली नव्हती. काही टोचत नाही! मला छळायला बोलावतो आहे म्हातारा. अंगात जीव नाही, पण मला नाचवायची हौस फिटलेली नाही.

लेकीने विचारलं, "कसे आहेत?" मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, "पेशंट." मी म्हटलं, हट्टी आहेत.

१ मार्च, शनिवार

दार उघडताच वहिनी हळू आवाजात म्हणाली, "काल दोन्ही वेळा जेवले, भावजी. चावून. किती महिन्यांनी."

माझं डोकंच फिरलं. टोचत असतं तर जेवला असता का?

आत गेलो. तो कवळी घालूनच बसला होता. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाला, "टोचतंय."

"कुठे टोचतंय? बोट ठेवून दाखव!"

"आता समोर. मधोमध."

मी ओरडलो. त्या घरात अकरा वर्षांनी मी पाय ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ओरडलो. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण असं मी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. "समोर टोचणं शक्यच नाही! खाच मी स्वतः ठेवली आहे, तीनदा तपासली आहे! त्या शाळेच्या बाईंची टोचत होती, तिला मी खाच ठेवली नव्हती, ती माझी चूक होती! पण ही टोचत नाही!"

नंतर मला कळलं मी काय बोललो ते. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

दादा माझ्याकडे बघत होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दोन्ही."

मी मटकन स्टुलावर बसलो. मग परत उठलो, कारण राग संपला नव्हता. "मग अकरा वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? एक फोन करता येत नव्हता? ती गेली तेव्हा खाली रस्त्यावर उभा राहिलास! चार पायऱ्या चढवल्या नाहीत तुला?"

"तू ढकलून देशील असं वाटलं."

"दिलंच असतं!"

"म्हणूनच," तो म्हणाला. मांडीखालचा एक हात काढून त्याने खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, तो तिथे थडथड हलत राहिला. "चार लोकांसमोर फेकायला नको होती. कवळी वाईट होती. पण फेकायला नको होती. रोज आठवतं."

मी त्याचा हात धरला, हलायचा थांबावा म्हणून. थांबला नाही. आम्ही दोघं त्या हलणाऱ्या हाताकडे बघत बसलो.

निघताना मी म्हटलं, काम संपलं, आता दवाखान्यात पूर्ण झाल्याचं कळवतो. तेव्हा तो हसला. सुळा बरोबर बसला आहे, लबाड दिसतो.

"उजवीकडचं बघायला हवं," तो म्हणाला. "तिथे टोचतंय."

मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. वहिनी दारापर्यंत सोडायला आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "उद्या अकरालाच ना?" दवाखान्याला कळवलं, एकशे बारा नंबरचं काम अजून बाकी आहे. फोन लेकीनेच घेतला. "बरं," म्हणाली, आणि मग पलीकडून काहीच ऐकू येईना. लाइन खराब असावी.

१. उजवीकडे टोचतंय.
२. उद्या अकराला जायचं आहे.
३. परवाही टोचेल.